गप्प मुलाकडे आधी बघ: मुलांच्या वॉर्डातल्या पहिल्या पोस्टिंगविषयी

नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेली एक विद्यार्थिनी मुलांच्या वॉर्डात पहिल्यांदाच पोस्टिंगला आली आहे. तिने मला लिहून कळवलेली अडचण थोडक्यात अशी: चार वर्षांच्या एका मुलाशी तिची छान गट्टी जमली होती. कॅन्युला, म्हणजे औषध-सलाइनसाठी शिरेत ठेवायची बारीक नळी, लावताना तिने त्याचे हात धरले आणि तेव्हापासून तो तिला पाहिलं की रडतो. एका आईने 'शिकाऊ मुलीने माझ्या बाळाला हात लावायचा नाही' असं सगळ्यांदेखत सुनावलं. औषधाचा डोस काढताना तिला भीती वाटते. वॉर्डातलं एक बाळ गेलं, त्यानंतर झोप लागत नाही. आणि या सगळ्याच्या शेवटी प्रश्न: मी या कामाला लायक आहे का?

मी अनेक वर्षं मुलांच्या वॉर्डात काम करते आहे आणि विद्यार्थ्यांना हाताशी घेऊन शिकवतेही. तेव्हा शेवटच्या प्रश्नाकडे उगाच घाई न करता एकेक गोष्ट घेऊ.

आधी तो चार वर्षांचा मुलगा. त्याच्या वयाच्या मुलाला 'हे तुझ्या भल्यासाठी आहे' हे कळत नाही. त्याला एवढंच कळतं की काल खेळणारी ताई आज त्याला दाबून धरत होती. या वयात मुलं आजाराचा आणि दुखण्याचा अर्थ स्वतःच्या पद्धतीने लावतात. आपण काहीतरी वाईट वागलो म्हणून ही शिक्षा मिळाली, असं त्यांना खरोखर वाटतं. म्हणून त्याला आधी हे स्पष्ट सांग: तू काहीच चुकीचं केलं नाहीस, सुई औषधासाठी होती, ती आता झाली. आणि मग दिवसातून दोनतीनदा त्याच्याकडे रिकाम्या हाताने जा. हातात ट्रे नाही, थर्मामीटर नाही, काही नाही. पलंगापासून थोडं लांब खाली बस, आईशी बोल, त्याच्याकडे टक लावून बघू नकोस. तो जवळ येईल तेव्हा येईल. बहुतेक मुलं येतात, पण घाई केली तर आणखी लांब जातात.

पुढच्या वेळी धरायची वेळ आली तर कशी धरतेस याचा विचार आधी कर. मुलाला उताणं झोपवून तिघाचौघांनी दाबलं की त्याची भीती कितीतरी पटीने वाढते. त्यापेक्षा आईच्या किंवा वडिलांच्या मांडीवर, छातीशी छाती लावून बसवायचं, एक हात मोकळा बाहेर काढायचा आणि तो हात मनगटाच्या वरखाली नीट स्थिर करायचा. मूल मिठीत असतं आणि हात तरीही हलत नाही. खोलीत एकानेच बोलायचं. चार जण एकदम 'झालं झालं, रडू नको' म्हणायला लागले की त्याला एकाचंही ऐकू येत नाही. 'दुखणार नाही' असं कधीच म्हणायचं नाही. 'टोचेल, मी तीन म्हणेपर्यंत जोरात फुंकर मार' हे खरं आहे आणि फुंकर मारण्यात त्याला करायला काहीतरी मिळतं. निवड द्यायची ती खरी असेल तरच: 'कुठला हात?' हे विचारता येतं, 'टोचू का?' हे विचारता येत नाही, कारण त्याच्या 'नाही'ला तू मान देणार नाहीस. जागा बधिर करणारं मलम वॉर्डात असेल तर ते तासभर आधी लावावं लागतं, म्हणून सकाळी कुणाची सुई लागणार आहे हे कळताच सिस्टरना आठवण कर. अगदी लहान बाळ असेल तर अंगावर पाजत असताना टोचणं किंवा आधी दोन मिनिटं जिभेवर साखरेच्या द्रावणाचे थेंब देणं, या दोन्हींनी दुखणं कमी होतं. आणि जमेल तिथे हे सगळं ट्रीटमेंट रूममध्ये व्हावं, पलंगावर नाही. पलंग ही मुलाची एकमेव सुरक्षित जागा असते. ती आपण हिरावून घेऊ नये.

आता ज्याविषयी तू विचारलं नाहीस, पण मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे, ते.

तुझ्या सगळ्या प्रश्नांमध्ये रडणारी मुलं आहेत. नव्या विद्यार्थ्याचं लक्ष रडण्याकडे जाणारच, आवाज असतो ना. पण मुलांच्या वॉर्डात जोरात रडणारं मूल बहुतेक वेळा श्वास घेतंय, त्याचा मेंदू जागा आहे, आणि त्याला अजून कुणीतरी येईल अशी आशा आहे. माझी नजर आधी जाते ती गप्प पडलेल्या मुलाकडे. काल सुई दाखवली की ओरडणारं मूल आज सुई टोचली तरी नुसतं बघत राहतं, तेव्हा ते 'शहाणं झालं' असं कुणी म्हणालं तरी तू मानू नकोस. जाऊन बघ.

दम्याच्या मुलाच्या श्वासातली शिट्टी वाजायची थांबली आणि त्याच वेळी ते थकून गेलं, तर ते बरं होत नाहीये. हवा आत-बाहेर जायचीच कमी झाली आहे, म्हणून आवाज नाही. बाळ प्रत्येक उच्छ्वासाला कण्हल्यासारखा आवाज काढतं, तेव्हा ते कंठ अर्धवट मिटून फुप्फुसातली हवा अडवून ठेवायचा प्रयत्न करत असतं, फुप्फुसांच्या छोट्या पिशव्या मिटू नयेत म्हणून. असं कण्हणं बारीक असतं, शेजारच्या पलंगावरच्या रडण्यात हरवून जातं. नाकपुड्या फुलणं, श्वासाबरोबर डोकं वरखाली होणं हे चेहऱ्याकडे नीट बघितलं की दिसतं, पण फासळ्यांच्या खाली आणि मध्ये पडणारा खड्डा कपडे आणि पांघरूण दूर केल्याशिवाय दिसत नाही. म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगते: मॉनिटरकडे बघायच्या आधी अंगरखा वर कर आणि छाती बघ.

श्वास पूर्ण एक मिनिट मोज. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही, कारण लहान बाळाचा श्वास मुळात अनियमित असतो, काही भरभर श्वास, मग थोडा विराम, असा. मूल शांत असताना मोज, शक्यतो झोपेत किंवा आईच्या कुशीत, आणि अंगाला हात लावायच्या आधी. दोन महिन्यांच्या आतल्या बाळात मिनिटाला 60 किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत 40 किंवा जास्त श्वास म्हणजे जलद श्वास. जागतिक आरोग्य संघटनेचे हे आकडे पाठच करून टाक. दोन वर्षांच्या आतल्या मुलाची नाडी मनगटावर शोधत बसू नकोस, स्टेथोस्कोप छातीवर ठेव आणि तीही पूर्ण मिनिट मोज.

रक्तदाबाने मात्र कधी निश्चिंत होऊ नकोस. मुलांच्या रक्तवाहिन्या जोरात आकसतात आणि हृदय भरभर धावतं, त्यामुळे पाणी किंवा रक्त बरंच कमी झालं तरी रक्तदाब बराच वेळ टिकून राहतो आणि मग एकदम कोसळतो. तो पडेपर्यंत उशीर झालेला असतो. त्याच्या आधी कळतं ते वाढलेल्या ठोक्यांवरून, गार पडलेल्या हातापायांवरून, बोटाने दाबून सोडल्यावर रंग परत यायला लागणाऱ्या वेळावरून, कोरड्या डायपरवरून आणि त्या गप्पपणावरून. बाळाच्या अंगात रक्त असतं साधारण किलोला 80 मिलिलिटर, म्हणजे पाच किलोच्या बाळाच्या संपूर्ण शरीरात 400 मिलिलिटर. मोठ्या माणसाच्या हिशेबाने 'थोडंसंच' गेलेलं रक्त त्याच्यासाठी थोडं नसतं. आणि आजारी बाळाचे ठोके कमी व्हायला लागले, तर ते शांत होतंय असं समजू नकोस, लगेच हाक मार. मुलांमध्ये ठोके मंदावण्याचं सगळ्यात मोठं कारण प्राणवायूची कमतरता हे आहे.

गप्पपणाची दुसरीही एक बाजू आहे. 1950 च्या दशकात लंडनमध्ये जेम्स रॉबर्टसन या समाजसेवकांनी हॉस्पिटलमध्ये आईवडिलांशिवाय राहिलेल्या लहान मुलांचं बारकाईने निरीक्षण केलं. तेव्हा आईवडिलांना भेटीची वेळ अगदी मोजकी असायची, कारण ते येऊन गेले की मुलं रडतात आणि वॉर्ड अस्वस्थ होतो, असं मानलं जायचं. रॉबर्टसन यांनी दाखवलं की मूल आधी रडून विरोध करतं, मग निराश होऊन निपचित बसतं, आणि शेवटी सगळ्यांशी वरवर छान वागू लागतं, पण आई आली तरी तिच्याकडे जात नाही. या शेवटच्या अवस्थेलाच कर्मचारी 'रुळला' म्हणत होते. 1959 मध्ये ब्रिटनमध्ये हॉस्पिटलमधल्या मुलांविषयी नेमलेल्या प्लॅट समितीच्या अहवालाने आईवडिलांना कधीही भेटू द्यावं, लहान मुलांबरोबर आईला राहू द्यावं अशी शिफारस केली. आज आई पलंगाशेजारी झोपते हे आपल्याला साहजिक वाटतं, ते आपोआप झालेलं नाही. तुझ्या वॉर्डात एखादं मूल असेल ज्याच्याकडे फारसं कुणी येत नाही आणि जे अजिबात त्रास देत नाही, तर रोज तुझ्याकडचा मोकळा वेळ त्याला दे. विद्यार्थ्याकडे स्टाफपेक्षा एकच गोष्ट जास्त असते, ती म्हणजे वेळ, आणि तो कुठे खर्च करायचा हे तू ठरवू शकतेस.

दुखण्याचंही तसंच. बोलता न येणारं मूल दुखतंय असं सांगत नाही. चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि समजूत पटते का, या पाच गोष्टींना शून्य ते दोन गुण देऊन दहापैकी आकडा काढायची एफएलएसीसी पद्धत शिकून घे. तीन वर्षांच्या पुढे चेहऱ्यांची चित्रं दाखवून विचारता येतं. पण शस्त्रक्रिया झालेलं मूल अंग आखडून अजिबात न हलता पडलंय, तर ते आरामात आहे असं लिहू नकोस. हललं की दुखतं म्हणून ते हलत नसेल.

डोसची भीती. ही भीती जाऊ नये असं मला मनापासून वाटतं, फक्त ती हातात न राहता कागदावर उतरावी. मोठ्यांच्या वॉर्डात एक गोळी म्हणजे एक गोळी. इथे प्रत्येक डोस वजनावर, आणि वजन किलोमध्येच, याच भरतीतलं, वर तारीख लिहिलेलं. आईने अंदाजे सांगितलेलं नाही. उदाहरण घे. 8 किलोच्या बाळाला पॅरासिटामॉल किलोला 15 मिलिग्रॅमने लिहून दिलं आहे, म्हणजे 120 मिलिग्रॅम. बाटलीवर '5 मिलिलिटरमध्ये 120 मिलिग्रॅम' लिहिलं असेल तर 5 मिलिलिटर. पण त्याच औषधाचे थेंब मिळतात, ज्यात 1 मिलिलिटरमध्येच 100 मिलिग्रॅम असतं, तिथे डोस होतो 1.2 मिलिलिटर. सिरपच्या सवयीने कुणी थेंबाच्या बाटलीतून 5 मिलिलिटर काढलं, तर बाळाच्या पोटात 500 मिलिग्रॅम जातील, चारपटीहून जास्त. दोन्ही बाटल्यांवर नाव एकच असतं. म्हणून मिलिलिटर विचारून काढायचं नाही, मिलिग्रॅम विचारायचे आणि मिलिलिटर स्वतः काढायचे, बाटलीवरची मात्रा वाचून.

दशांश चिन्ह जपून. अर्धा लिहायचा तर 0.5, आधीचं शून्य कधी गाळायचं नाही, आणि पूर्ण आकड्यापुढे '.0' कधी लावायचं नाही, कारण ते चिन्ह पुसट झालं की डोस दहापट होतो. तोंडाने द्यायचं औषध तोंडाच्याच सिरिंजमध्ये घ्यायचं, जी सलाइनच्या नळीला जोडताच येत नाही. आणि दुसऱ्या व्यक्तीकडून तपासून घेताना तिला तुझं उत्तर सांगू नकोस. तिला स्वतः हिशेब करू दे आणि मग दोन उत्तरं जुळवा. 'हे 1.2 बरोबर आहे ना?' असं विचारलं की घाईत मान हलते. विद्यार्थिनी म्हणून तू एकटीने औषध द्यायचंच नाहीस, सिस्टर कितीही गडबडीत असल्या तरी. त्या रागावल्या तर रागावू देत.

सलाइनसाठी 1957 चं हॉलिडे आणि सेगर या डॉक्टरांचं सूत्र अजूनही हिशेबाला सोपं आहे: पहिल्या 10 किलोला दर किलोमागे दिवसाला 100 मिलिलिटर, पुढच्या 10 किलोला 50, त्यापुढे 20. 12 किलोच्या मुलाला 1100 मिलिलिटर, म्हणजे तासाला सुमारे 46. मायक्रोड्रिप सेटमध्ये, म्हणजे बारीक थेंब पाडणाऱ्या सलाइनच्या नळीत, 60 थेंब म्हणजे 1 मिलिलिटर, त्यामुळे तासाचे मिलिलिटर आणि मिनिटाचे थेंब हा आकडा एकच येतो. किती आणि कुठलं द्रावण द्यायचं हे डॉक्टर ठरवतात, आजारानुसार बदलतातही. पण हा हिशेब तुझ्या डोक्यात असेल तर लिहिलेला आकडा भलताच दिसला की तू थांबशील. सुईची जागा तासातासाला उघडून बघ. पट्टीखाली सूज आलेली बाळ सांगू शकत नाही. डायपरचं वजन करताना कोरड्या डायपरचं वजन वजा कर, उरलेला 1 ग्रॅम म्हणजे 1 मिलिलिटर.

त्या आईचं बोलणं तुला लागलं, आणि सगळ्यांसमोर लागलं, हे मला कळतं. पण तिने जे मागितलं ते मागायचा तिला अधिकार आहे. तिच्या हातात या क्षणी दुसरं काहीच नाही. औषध ती ठरवत नाही, सुई ती थांबवू शकत नाही, बाळ कधी घरी जाईल हेही तिला माहीत नाही. कोण हात लावणार एवढंच ती ठरवू शकते. तिच्याकडे जाऊन इतकंच म्हण: 'ठीक आहे, मी हात लावणार नाही. बाळ घरी दूध कसं पितं, कसं झोपतं, हे मला सांगाल का? मी नोंदीत लिहून ठेवते.' आणि मग खरंच लिहून ठेव. आईला बाळाविषयी जे माहीत असतं ते कुठल्याच तक्त्यात नसतं. 'आज हा वेगळाच वाटतोय' असं ती म्हणाली आणि आकडे सगळे ठीक असले, तरी ते इन्चार्ज सिस्टरना सांगायचं. आईवडिलांना वाटणारी काळजी ही मुलांच्या धोकासूचक तक्त्यांमध्ये आता काही ठिकाणी वेगळा रकाना म्हणून असते, ती उगाच नाही.

आणि मुलांना तुझी भीती घालणाऱ्या पालकांना, 'खा नाहीतर सिस्टर सुई देतील' म्हणणाऱ्यांना, मुलासमोरच पण हसून सांग: 'मी जेवणासाठी सुई कधीच देत नाही.' आईला शिकवायची गरज नाही, मुलाने ऐकलं की पुरे.

आता ते बाळ.

त्याच्याविषयी तू फक्त एक ओळ लिहिली आहेस, म्हणून मी जास्त गृहीत धरत नाही. पण झोप जाते, जेवताना तोच पलंग डोळ्यांसमोर येतो, आपण काहीतरी बघायला हवं होतं असं वाटत राहतं, हे होतं. मुलांच्या वॉर्डात वर्षानुवर्षं काढलेल्यांनाही होतं. रडू आलं तर रड. पालकांसमोर डोळे भरून आले तर त्यात लाज नाही, फक्त तुझी समजूत घालायची वेळ त्यांच्यावर येऊ नये, एवढं सांभाळ. तसं वाटलं तर बाहेर ये. तुला बाळाविषयी विचारायचे प्रश्न असतील, काय झालं, का वाचलं नाही, तेव्हा मी शेजारी होते ते चुकलं का, तर ते तुझ्या शिक्षिकेला किंवा इन्चार्ज सिस्टरना विचार. त्या 'विसरून जा' म्हणाल्या तर दुसऱ्या कुणाला विचार. ज्या प्रश्नांना उत्तरं असतात त्यांची उत्तरं मिळाली की निम्मी रात्र हलकी होते. विद्यार्थ्यांना मृत्यूनंतर कुणी काही न सांगता पुढच्या पलंगाकडे पाठवलं जातं, आणि हे मला मान्य नाही. बसून बोलायला दहा मिनिटं निघतातच. दोन आठवडे उलटूनही झोप येत नसेल, ड्युटीला जायच्या विचाराने छातीत धडधडत असेल, तर कॉलेजमधल्या समुपदेशकाकडे किंवा डॉक्टरांकडे जा. पाठदुखीसाठी गेली असतीस, तसंच.

आणि लायक आहेस का? एका पोस्टिंगवरून मी कुणालाही हो किंवा नाही सांगत नाही. मुलं आवडतात म्हणून चांगली बालपरिचारिका होते असंही नाही. मुलांवर जीव असणाऱ्या कित्येक मुली श्वास मोजायचा कंटाळा करतात. तुझ्या लिहिण्यात मला दोन गोष्टी दिसल्या. त्या मुलाच्या भीतीला तू त्याचा हट्ट म्हणाली नाहीस, आणि डोसला घाबरतेस हे लपवलं नाहीस. या दोन्हींवर काम करता येतं. हे काम आवडतंय की नाही, हे मात्र तुझं तुलाच कळेल, आणि त्यासाठी नुसता जनरल वॉर्ड पुरेसा नाही. इन्चार्ज सिस्टरना विचारून उरलेल्या दिवसांत एक दिवस नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागात, एक दिवस लसीकरणाच्या ओपीडीत आणि शक्य असेल तर एक रात्रपाळी माग. तिन्ही कामं एकमेकांपासून फार वेगळी आहेत, आणि रात्रीचा वॉर्ड तर दिवसाच्या वॉर्डासारखा अजिबात नसतो. शेवटच्या दिवशी इन्चार्ज सिस्टरना 'मी कशी होते?' असं मोघम विचारू नकोस. 'श्वासाची मोजणी, डोसचा हिशेब आणि पालकांशी बोलणं, यांत मी कुठे कमी पडते?' असं विचार आणि त्या सांगतील ते लिहून घे. पोस्टिंग संपतंय हे त्या चार वर्षांच्या मुलाला मात्र आदल्याच दिवशी सांगून ठेव, आणि तुझ्या जागी कोण येणार तिची त्याच्याशी ओळख करून दे.